तेवीस नंबरची अदलाबदल

मेलबर्न
२ ऑगस्ट १९९८

प्रिय मर्व्ह,

काल आपण फुटबॉलचा सामना हरलो हे तुला कळलंच असेल, तेव्हा त्याबद्दल मी काही लिहीत नाही. पंचांबद्दलही लिहीत नाही, कारण आईने आपल्याला तसले शब्द शिकवले नव्हते.

लिहितेय ते डॅरनबद्दल. पेपरात आलंय की डॅरन पेनहेल मोसम संपला की आपला ब्रुकडेल क्लब सोडून पर्थला जाणार. त्याच्या बदल्यात पर्थवाले म्हणे आपल्याला एक उंच गडी देणार, आणि नवी पोरं निवडायची त्यांची पहिली पाळीही देणार. एका माणसाच्या बदल्यात दीड माणूस! बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही शनिवारचं कागदी बॅनर चिकटवत बसलो होतो, तर त्यावरून अशी जुंपली की हिरवा क्रेप कागद दोनदा उलटा लागला. मासे तळणारा स्टॅव्ह म्हणतो, "डल्सी, डोकं वापर. पोरगा चोवीस वर्षांचा झाला, गुडघा कुरकुरतोय. आत्ता भाव आहे तोवर देऊन टाकू." मी म्हटलं, "तुझ्या दुकानातला हलवा मासा आहे का तो, शिळा व्हायच्या आत खपवायला?" कॉलीन माझ्या बाजूने होती, पण ती रडतेच फार, तिचा उपयोग नाही.

स्टॅव्हचं ठीक आहे, त्याने डॅरनला फक्त मैदानावर पाहिलंय. मी त्याचे ओले मोजे दोन वर्षं वाळवलेत. विसरलास का, सहा वर्षांपूर्वी तूच क्लबला कळवलं होतंस की जेराल्टनला माझ्या बोटीवरच्या जोडीदाराचा पोरगा आहे, हरणासारखा पळतो. आणि तूच परस्पर ठरवून टाकलंस की तो माझ्या बहिणीच्या मागच्या खोलीत राहील. एवढासा चेहरा घेऊन दारात उभा राहिला आणि पहिल्याच रात्री अख्खी पावरोटी संपवली. माझा आल्फ गेला तेव्हा शवपेटीला पहिला खांदा त्याने दिला. अजून दर गुरुवारी सराव आटोपला की जेवायला येतो. माझ्या क्लबच्या कोटाच्या पाठीवर त्याचा तेवीस नंबर आहे, तो काय उसवायचा मी?

या गुरुवारी मी सरळ विचारलं, "खरं काय ते सांग." तो बटाटे चिवडत बसला. म्हणाला, "माझं काही ठरलेलं नाही, मिसेस प्रुइट. घरची आठवण येते, एवढंच मी एजंटला बोललो होतो." मग म्हणाला, "बाबा फोनवर हल्ली फार कमी बोलतात." मी म्हटलं, अरे तिकडचे पुरुष असेच, माझा भाऊ बघ, वर्षाकाठी दहा वाक्यं बोलतो. हसला बिचारा.

तू त्याच्या बापाला रोज भेटतोस. रॉसला जरा सांग, पोराला म्हणावं नीट मन लावून खेळ, घर कुठे पळून जात नाही. तुझं म्हणणं काय ते कळव.

तुझी,
डल्सी


जेराल्टन
११ ऑगस्ट

प्रिय डल्स,

पत्र मिळालं. इथे वारा फार आहे. शेवंडांच्या मासेमारीचा हंगाम बंद, त्यामुळे बोटीवरचे पिंजरे दुरुस्त करत बसलोय.

तू विचारलंस म्हणून सांगतो. मला वाटतं, डॅरनला जाऊ द्यावं. रागावू नकोस, पूर्ण वाच. आपल्याकडे उंच माणूस नाही हे तू गेली चार वर्षं मला लिहिते आहेस. मध्यावर चेंडू उडाला की आपली पोरं खालून नुसती बघत राहतात. पर्थवाले देणार आहेत तो गडी सहा फूट आठ इंच आहे. शिवाय पहिली पाळी. स्टॅव्ह तसा मूर्ख नाही.

आणि पोरगा घरापासून फार लांब आहे. सहा वर्षं पुष्कळ झाली.

रॉसला तुझा निरोप दिला. तो बरा आहे. तुला नमस्कार सांगितलाय.

मर्व्ह


मेलबर्न
३१ ऑगस्ट

प्रिय मर्व्ह,

तीस वर्षं तिकडे राहून तू शेवटी पर्थवाला झालास. कबूल कर. घरात त्यांचा लाल-पिवळा मफलर लपवला असशील. उंच गडी म्हणे! झाडं काय कमी उंच असतात?

बरं, आता तुझी जिरली, तेव्हा भांडत नाही. डॅरन राहतोय! आज सकाळी त्याने क्लबला तोंडी शब्द दिला, तीन वर्षांचा. पुढच्या वर्षी कप्तान करणार म्हणे. आणि हे कुणी घडवलं सांगू? तुझ्या बहिणीने.

शनिवारी मोसमातला शेवटचा सामना, आणि त्याचा शंभरावा. शंभराव्याला बॅनर त्या गड्याच्या नावाचं असतं, आणि ते फाडत मैदानात पहिला तोच धावतो, हे काय तुला सांगायचं. मजकूर ठरवायचं काम माझ्याकडे. स्टॅव्हला हवं होतं, "शंभर नाबाद". मी म्हटलं, क्रिकेट उन्हाळ्यात. मी लिहिलं:

किती फिरशील वाऱ्यावर?
डॅरन, ब्रुकडेल तुझं घर!

अक्षरं माणसाएवढी. चार रात्री आम्ही गुडघ्यांवर होतो. शनिवारी मैदानावर वाऱ्याने एकदा कोपरा फाटला, तो काठी धरल्या धरल्या चिकटवला. मग डॅरन खेळाडूंच्या बोगद्यातून बाहेर आला. वीस हजार माणसं ओरडत होती. आणि तो थांबला, मर्व्ह. वाचत उभा राहिला. मी डावी काठी धरून होते, मला त्याचा चेहरा स्वच्छ दिसला. डोळे भरले होते त्याचे. मग खाली मान घालून तो कागदातून गेला, नेहमीसारखी उडी मारून नाही, हळू, दार लोटून जावं तसा. कॉलीन तर रडलीच, पण या वेळी मीही रडले.

काल तो खास येऊन म्हणाला, "एवढ्या लोकांनी घर म्हटल्यावर कसा जाऊ?" मी त्याच्यासाठी कोकराची तंगडी भाजली होती. फारसा जेवला नाही, दमला असेल.

आता पेपरवाल्यांना काय छापायचं ते छापू दे. रॉसला आणि पोराच्या आईला, जीनला, सांग, पोराची काळजी नको, मी आहे.

तुझी विजयी,
डल्सी


मेलबर्न
२२ सप्टेंबर

मर्व्ह,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. एवढा राग? अरे खेळ आहे तो! फोन केला तर म्हणतोस "ऐकू येत नाही" आणि ठेवतोस. मला चांगलं ठाऊक आहे तुला ऐकू येतं.

डॅरनने अजून कागदावर सही केलेली नाही. आज करतो, उद्या करतो चाललंय. तू काही भरवलंस का त्याच्या डोक्यात?

डल्सी


जेराल्टन
१ ऑक्टोबर

प्रिय डल्स,

मी त्याला काहीही बोललो नाही. तीच तर अडचण आहे.

हे फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो, आणि ऐकता ऐकता माझा धीर जातो. म्हणून लिहितोय. बसून वाच.

रॉस बरा नाही. मार्चमध्ये आम्ही बोट घेऊन परत येत होतो. बंदराच्या तोंडाशी त्याने मला विचारलं, "आता कुठे वळायचं?" मला वाटलं थट्टा करतोय. तीस वर्षं त्या तोंडातून आम्ही आत येतोय. मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याला खरंच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूचा आजार आहे, आठवण जात जाणार. सावकाश म्हणाले होते. सावकाश नाही. जुलैत तो बायकोचं नाव विसरला होता, मग आठवलं. मला अजून ओळखतो, काही दिवशी. डॅरन फोन करतो तेव्हा जीन शेजारी उभी राहून हळूच सांगते, आता हे विचार, आता ते म्हण. म्हणून तो कमी बोलतो.

मार्चमध्येच त्याने माझ्याकडून शब्द घेतला की पोराला कळता कामा नये. म्हणाला, "त्याचं तिकडे बस्तान बसलंय. माझ्यापायी तो खेळ सोडून आला तर मी स्वतःला माफ करणार नाही." जीनलाही हेच सांगितलं. आम्ही दोघांनी मान डोलावली. म्हणून मी तुला उंच गडी आणि पहिली पाळी यांच्या गोष्टी लिहीत बसलो. पर्थहून इथे मोटारीने चार-पाच तास, दर रविवारी तो घरी येऊ शकेल, खेळही सुटणार नाही, कुणी कुणाला काही सांगायला नको, असं मला वाटलं होतं. मग तुझं बॅनर आलं. आम्ही ते टीव्हीवर पाहिलं. रॉसने विचारलं, "हा पोरगा का थांबला?"

डल्स, आई गेली तेव्हा मी इथे होतो. तिनेच तुला सांगितलं होतं की हंगाम संपेपर्यंत मर्व्हला आजाराचं कळवायचं नाही, आणि तू तिचं ऐकलंस. मी तुला कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. पण मी पोचलो तेव्हा घरात शोकाला येणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडून झाल्या होत्या. ते मला अजून सलतं. तेच मी या पोराच्या बाबतीत सहा महिने करतोय, आणि माझ्याच्याने आता होत नाही.

तीन वर्षांनी त्याचा बाप त्याला ओळखणार नाही. आज ओळखतो. अदलाबदलीची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते. काय करायचं ते तू ठरव. मी शब्द मोडलाय, तो दोष माझ्या माथी.

मर्व्ह


मेलबर्न
११ ऑक्टोबर

प्रिय मर्व्ह,

तुझं पत्र सोमवारी आलं. वाचलं आणि पहिल्यांदा काय आठवलं सांगू? चार रात्री गुडघ्यांवर बसून चिकटवलेली ती माणसाएवढी अक्षरं. बापाचा आवाज फोनवर बदललाय हे त्या पोराला कळत होतं. तो मला सांगत होता, माझ्याच टेबलावर, आणि मी तुझ्यावर विनोद करत होते. वर वीस हजार लोकांच्या तोंडून त्याला सांगवलं की तुझं घर इथे आहे. मला इतकी लाज वाटली की मी चहासुद्धा केला नाही.

गुरुवारची वाट पाहिली नाही. त्याला बोलावून घेतलं. म्हणाला, "आज सोमवार आहे, मिसेस प्रुइट." मी म्हटलं, "ये." आला तेव्हा पाणीसुद्धा न विचारता सगळं सांगितलं. तुझं पत्र वाचायला दिलं नाही, तोंडानेच सांगितलं. ते कुणीतरी समोर बसून सांगायला हवं होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी गेल्या आठवड्यात फोन केला तेव्हा बाबांनी विचारलं, तिकडे पाऊस आहे का. तीनदा विचारलं." मग मोठ्याने हुंदका देऊन रडला. एवढा मोठा गडी. मी त्याचं डोकं धरून उभी राहिले.

शांत झाल्यावर दुसरी अडचण. म्हणाला, "मी क्लबला शब्द दिलाय. कप्तान करणार आहेत. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक गद्दार म्हणतील. म्हणू देत. गद्दार म्हणवून घेऊन कुणी मेलं नाही. पण रविवारी बापाशेजारी बसायचं राहून गेलं तर ते कुठल्या मोसमात भरून काढशील?" तर म्हणतो, "पण बाबांची गोष्ट पेपरात यायला नको. त्यांना ते सहन होणार नाही. तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" मी शब्द दिला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. तरी त्याने विश्वास ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी अदलाबदल झाली. पर्थचा तो खांब आपल्याकडे आला, पहिली पाळीही आली. स्टॅव्हला हवं होतं तस्संच झालं. आणि आता सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडतोय, "शब्द दिला होता त्या हरामखोराने! तोंडी तर तोंडी, शब्द म्हणजे शब्द!" कॉलीनने मला विचारलं, "डल्सी, तुला तरी काही बोलला का गं?" मी म्हटलं, "घरची आठवण येते म्हणाला." स्टॅव्ह म्हणाला, "आणि तू जेवू घातलंस त्याला!" मी गप्प बसले. मर्व्ह, मी, गप्प!

डॅरन काल विमानाने तिकडे आला असेल. रॉसने ओळखलं का?

डल्सी


जेराल्टन
१९ ऑक्टोबर

प्रिय डल्स,

ओळखलं. दारातच. म्हणाला, "केस कापून घे." नंतर मी शब्द मोडला म्हणून माझ्यावर खूप रागावला, मग कशाबद्दल रागावलोय ते विसरला. मी चालवून घेतलं.

मर्व्ह


मेलबर्न
२३ मे १९९९

प्रिय मर्व्ह,

काल पर्थवाले आमच्याकडे खेळायला आले. गेले सात महिने मी याच दिवसाला भीत होते.

बुधवारी हॉलमध्ये ठरलं की तेवीस नंबर चेंडूला शिवला रे शिवला की सगळ्यांनी हुर्यो करायची. बॅनरवर डॅरनच्या नावाने टोमणा घालायचं ठरलं आणि मजकूर माझ्याकडे आला. मी म्हटलं, मी लिहिणार नाही. स्टॅव्ह म्हणाला, "का? अजून माया आहे?" मी म्हटलं, "आहे." कॉलीनने कात्री खाली ठेवली. स्टॅव्ह म्हणाला, "मग तुझ्या पाठीवरचा नंबर उसव तरी. क्लबच्या कोटावर दुसऱ्याचा माणूस वागवायचा नसतो." बरोबर आहे त्याचं, रीत तीच आहे. मी कोट घातला आणि घरी आले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच बॅनर अर्धवट टाकून आले.

काल मैदानावर लवकर गेले, कुठे उभं राहावं ते कळेना. पलीकडच्या बाजूला पर्थवाल्यांचं बॅनर जमिनीवर पसरलं होतं. त्यांची इकडे माणसंच किती, तर एक म्हातारा, दोन मुली आणि एक बाई. वारा सुटलेला, आणि डाव्या काठीला कुणी नाही. मुली काठी उचलत होत्या आणि कागद फडफडून फाटत होता. मला ते बघवेना. राग कितीही असो, कागद फाटताना बघवत नाही. मी गेले, चिकटपट्टी मागितली, फाटलेलं जोडलं आणि डावी काठी धरली.

हिरव्या-पांढऱ्या कोटात, ब्रुकडेलच्या मैदानावर, पर्थवाल्यांची काठी! आमच्या बाजूने माझं नाव घेऊन हुर्यो. माझ्या नावाने, मर्व्ह! स्टॅव्हचा आवाज मला त्यातही ओळखू आला. पण काठी सोडली नाही.

डॅरन बोगद्यातून आला तो खाली मान घालून, कारण हुर्यो आता त्याची सुरू झाली होती. कागदापाशी आला, वर पाहिलं आणि त्याला मी दिसले. पाठीवर त्याचाच नंबर. त्याने मान हलवली, हसला आणि अशी उडी मारून गेला की कागदाच्या चिंध्या माझ्या डोक्यावर पडल्या. नंतर त्याने आमच्यावर पाच गोल मारले. नालायक कुठला.

सामना संपल्यावर स्टॅव्ह मोटारीपाशी उभा होता. म्हणाला, "डल्सी, तुला काहीतरी माहीत आहे आणि तू सांगत नाहीस." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "तू सांगत नाहीस म्हणजे मोठंच काहीतरी असणार." पुढे त्याने काही विचारलं नाही. घरी सोडलं मला. आज दुपारी त्याचा पोरगा तळलेले मासे देऊन गेला.

नंबर मी उसवणार नाही. रॉस कसा आहे?

डल्सी


जेराल्टन
३० मे

प्रिय डल्स,

सामना आम्ही पाहिला. रॉस, जीन आणि मी.

आता तो बरेचदा सात वर्षांपूर्वीच्या काळात असतो. डॅरन नुकताच मेलबर्नला गेलाय असं त्याला वाटतं. टीव्हीवर बॅनर दिसलं, वारा दिसला, काठी धरलेली तू दिसलीस. मी म्हटलं, "ही माझी बहीण." त्याने विचारलं, "आपला पोरगा जिच्याकडे राहतो तीच ना? खायला नीट घालते?" मी म्हटलं, "पावरोट्या संपवतो तिच्या." बरं वाटलं त्याला. मग डॅरन कागद फाडून आला तेव्हा रॉस हातातला चहा विसरून पुढे सरकला. म्हणाला, "हा माझा." कुणी सांगितलं नव्हतं.

सामना संपल्यावर त्याने कप खाली ठेवला. मग माझा हात धरला आणि म्हणाला, "मर्व्ह, तुझ्या बहिणीला लिही. म्हणावं, तू सगळं चांगलं करतेस, पण पोरगा परत पाठव हं. फार उशीर करू नकोस म्हणावं."

तुला लिहितो असं मी कबूल केलं, म्हणून हे लिहिलं. पण उत्तर मी तुझ्या वतीने तिथेच देऊन टाकलं. म्हटलं, "रॉस, तिने पाठवलाय."

त्याचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी फाटकापाशी मोटार थांबली आणि रॉस खुर्चीतून उठला.

मर्व्ह